ज्यांचं कुणी नाही, त्यांना पाणी कोण देणार?



आजचं चिंतन : महाभारत, स्त्रीपर्व, शेवटचे अध्याय.

युद्धाचे अठरा दिवस आपण सगळ्यांनी ऐकलेत. एकोणिसाव्या दिवसाचं काय? कुरुक्षेत्रावर प्रेतांचा खच पडलाय. म्हातारा धृतराष्ट्र विचारतो, ज्यांचे आप्त आहेत त्यांचं ठीक, पण ज्यांचं इथं कुणीच नाही त्यांचं काय? युधिष्ठिर लगेच विदुर, संजय, धौम्य यांना कामाला लावतो. कुणीही अनाथासारखा पडून राहता कामा नये, ही त्याची आज्ञा. मोडलेल्या रथांची लाकडं, चंदन, तूप, तेल. दूरदेशाहून लढायला आलेले, नावगाव न कळणारे हजारो सैनिक, त्यांनाही विदुर अग्नी देतो. हा आपल्या बाजूचा, तो शत्रूचा, असा हिशेब तिथं नाही.

मग सगळे गंगेवर जातात. पाणी सोडायची वेळ येते आणि कुंती बोलते, कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ. ज्याला शत्रू म्हणून मारलं तो घरचाच निघाला! म्हणून मृत सैनिकापुढं आधी हात जोडायचे. नातं आपल्याला कधी कळेल, सांगता येत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातलं राक्षसभुवन घ्या. गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. शनिमहाराजांच्या दर्शनाला आपण जातो. 10 ऑगस्ट 1763 ला तिथंच पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे तुमच्यातल्या कॉलेजच्या पोरांएवढे. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडला. शत्रूच्या फौजेतला, पण नाव बघा, विठ्ठल! दोन्हीकडचे किती शिपाई त्या काठावर राहिले. पुढच्या वेळी गोदावरीत उभं राहाल तेव्हा एक ओंजळ त्यांच्यासाठीही सोडा.

आता कुणी म्हणेल, गीता तर सांगते आत्मा मरत नाही, देह म्हणजे जुनं कपडं. मग त्या मातीचं एवढं कशाला? अहो, जाणाऱ्याला त्याची गरज नसेलही. गरज मागं राहणाऱ्याला आहे. ज्याने आपल्यासाठी देह झिजवला, त्या देहाला नीट निरोप देणं ही आपली कृतज्ञता. आणि अग्नी की भूमी, हा वादच नाही. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, अंबाजोगाईला मुकुंदराजांची. लिंगायत बांधव भूमीतच समाधी देतात. सैन्यातही ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे निरोप दिला जातो. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री, सगळे असतात. तिरंगा मात्र चितेत जात नाही, कबरीतही उतरत नाही.

पुण्यात राहणाऱ्यांनी एकदा खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन यावं. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी तिथं आहेत. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारखाच. पहिल्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांच्या कबरी देशात ठिकठिकाणी विखुरल्या आणि सांभाळता आल्या नाहीत, अशा 1,800 हून जास्त जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. 1962 साली मुंबईच्या शिवडीतून 629 जणांचे अवशेष इथं आणून पुन्हा पुरले. परक्या मुलखातली पोरं, पण गवत आजही कापलं जातं. आणि आपल्या गावात? जातीजातीची स्मशानं वेगळी, प्रेत कुठल्या वाटेनं न्यायचं यावरून भांडणं. वारीत एकमेकांच्या पाया पडणाऱ्यांनी हे बघून मान खाली घालावी.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. गावाच्या मारुतीपुढं जुना कोरीव दगड दिसतो ना, शेंदूर फासलेला? पुष्कळदा तो वीरगळ असतो. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे चंद्रसूर्य असेतो याची आठवण राहावी.

आता थोडं कडू बोलतो. सीमेवरून तिरंग्यात लपेटून पोरगा आला की गाव लोटतं, सगळ्यांचे स्टेटस बदलतात. ते योग्यच. पण ज्याने सियाचीनला किंवा काश्मीरला हाडं गोठवली, पेन्शनवर घरी आला आणि ऐंशीव्या वर्षी खाटेवर गेला, त्या सुभेदाराच्या खांद्याला किती जण असतात? मरण रणात आलं नाही म्हणून सेवा कमी होते का?

म्हणून आजचा नेम. तुमच्या गावातल्या, सोसायटीतल्या एका माजी सैनिकाला या आठवड्यात भेटा. जिवंतपणी. पाया पडा, कुठं कुठं होता ते ऐका, फोन खिशात ठेवून. आणि तो जाईल त्या दिवशी सुट्टी काढून या. तर्पणात शेवटी ज्यांचं कुणी नाही त्यांनाही पाणी देतात. ते पाणी मुलांनी द्यावं, मुलींनीही द्यावं. ज्याचं कुणी नाही त्याचे आपण, एवढं जमलं तरी स्त्रीपर्व वाचल्याचं सार्थक झालं.

राम कृष्ण हरी 🙏