आईचं म्हणून

सासवडच्या आजींचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता: आईचं लेकराला बाधत नाही.

नातीच्या पित्तनलिका जन्मापासूनच बुजलेल्या. दोन महिन्यांची असताना ऑपरेशन झालं, पण कावीळ हटली नाही. वर्षाच्या आत यकृत बदलायची वेळ आली. बापाच्या यकृतात चरबी, आत्याचा रक्तगट जुळेना. शेवटी सुनेनं आपल्या यकृताचा डावीकडचा तुकडा दिला. तिचं उरलेलं यकृत काही महिन्यांत भरून आलं. आजी आळीभर सांगत सुटल्या, "काळजाचा तुकडा म्हणतात ना, तो खराच दिला हो! घरचंच आहे, टिकणारच."

पोर सहा वर्षांची झाली. सून आजारी वडिलांपाशी माहेरी गेली नि सकाळी आठ, रात्री आठची कॅप्सूल आजींच्या हाती आली. त्यात सोमवतीची जेजुरी. "परक्याचं असतं तर गोष्ट वेगळी," म्हणत आजींनी डबी फडताळातच ठेवली. चार दिवस. पोर भंडारा उधळत हुंदडत होती. आजींना आपलंच बरोबर वाटलं. खोटं कशाला बोला, मलाही वाटलं असतं.

पुढच्या रक्ततपासणीत एसजीपीटी चढलेलं निघालं. सुई घालून यकृताचा कण काढला: रिजेक्शन. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड.

"अहो, पण आईचंच की ते!" आजी रडकुंडीला आल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, नात कुणासारखी दिसते?"

"डोळे आईचे, नाक बापाचं."

"आतही तसंच. निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून. आईचा जो निम्मा वाटा हिच्याकडे आलाच नाही, तोही त्या तुकड्यात आहे. हिचं शरीर त्याला परकाच समजतं. पोटात असताना आईच्या पेशी बाळात उतरतात, त्यामुळे आईचं यकृत जरा जास्त मानवतं असं काही अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही. पण त्या भरवशावर गोळी थांबवा, असं कुणीच म्हटलेलं नाही."

आजींनी बाहेर बाकावर खेळणाऱ्या पोराकडे बोट केलं. "त्याला तर मामीचं बसवलंय. रक्ताचं नातंसुद्धा नाही!"

"हो, समितीची परवानगी काढून. चार वर्षं झाली. त्याची एकही गोळी चुकलेली नाही."

सून परत आलीय, पण डबी आजींनी स्वतःकडेच मागून घेतली. रात्री आठला मोबाइल वाजला की मालिका अर्धवट टाकून त्या उठतात.