जमा केलेली गाडी आणि उरलेले ऋण

टॅक्सीवर पोट असलेल्या ऋणकोचे, म्हणजे कर्ज घेणाऱ्याचे, हप्ते थकले आणि पुढचे भरण्याची वाट दिसेनाशी झाली, तर गाडी ओढून नेली जाईपर्यंत थांबावे की ती आपणहून जमा करावी, हा प्रश्न हिशेबाचा वाटला तरी त्याच्या मुळाशी वचनाविषयीचा वाद आहे. वाहनकर्जात गाडी नजरगहाण असते. म्हणजे ताबा व नोंदणी ऋणकोकडे राहते आणि धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, तारणहक्काची नोंद 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार आरसी बुकावर होते. या वादाच्या दोन बाजू शास्त्रार्थाच्या रीतीने पुढे मांडल्या आहेत.

पूर्वपक्ष : गाडी जमा करणे हा सभ्य रीतीने केलेला वचनभंगच होय.

उत्तरपक्ष : हप्ते थकल्यास धनकोने गाडी ताब्यात घ्यावी, हे करारातच लिहिलेले असते आणि बुडीताची जोखीम व्याजदरात आधीच धरलेली असते, त्यामुळे जमा करणारा करारातल्याच एका वाटेने जातो.

पूर्वपक्ष : वचन पैसे परत करण्याचे होते, गाडी परत करण्याचे नव्हते. चोरीची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, म्हणून ती भोगायची तयारी असलेल्याला चोरीची मुभा मिळत नाही.

उत्तरपक्ष : गुन्हा आणि करार यांना एकच माप लावता येत नाही. अमेरिकी न्यायविद ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1897 मध्ये असे प्रतिपादन केले, की करार पाळावा, अन्यथा भरपाई द्यावी, एवढेच बंधन कायदा करार करणाऱ्यावर घालतो.

पूर्वपक्ष : होम्स यांचे मत मान्य केले, तरी भरपाई उरतेच. सहा लाखांचे कर्ज शिल्लक असताना लिलावात गाडीचे चार लाख आले, तर दोन लाख आणि वसुलीचा खर्च ऋणकोच्या माथी राहतो. त्याचे ऋण सुटत नाही, ते फेडण्याचे साधन मात्र सुटते.

उत्तरपक्ष : भाड्याच्या कमाईतून इंधन, विमा, दुरुस्ती आणि घरखर्च वजा जाता हप्त्यापुरते उरत नसेल, तर त्या गाडीला फेडीचे साधन म्हणता येत नाही. दर महिन्याला तिची किंमत उतरते आणि थकबाकी चढते. म्हणून लवकर जमा करणारा धनकोचेही नुकसान आटोक्यात ठेवतो, आणि ते स्वेच्छेने करतो.

पूर्वपक्ष : वसुली एजंट दाराशी उभा असताना दिलेल्या किल्लीला स्वेच्छा म्हणणे कठीण आहे. वसुलीसाठी गुंड वापरण्याच्या रीतीचा सर्वोच्च न्यायालयाला 2007 मध्ये निषेध करावा लागला, यावरून त्या दाराशी काय घडत होते ते कळते.

उत्तरपक्ष : म्हणूनच एजंट येण्यापूर्वी, गाडीच्या स्थितीची लेखी पोच घेऊन, निर्णय घ्यावा.

पूर्वपक्ष : आतापर्यंत वाद दोघांतच चालला, जामीनदार तिसरा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्याचे दायित्व ऋणकोइतकेच असते. ऋणको गाडी जमा करून धनकोपुढे प्रामाणिक ठरतो आणि दोन लाखांची नोटीस जामीनदार राहिलेल्या मेव्हण्याच्या घरी जाते.

उत्तरपक्ष : गाडी राखली, तर तीच नोटीस तीन लाखांची होऊन जाईल.

पूर्वपक्ष : तसे होईलही, परंतु मेव्हण्याने सही केली ती ऋणकोच्या शब्दावर, आणि तो शब्द कधी सोडायचा हे ठरवताना त्याला कोणी विचारले नाही.

उत्तरपक्ष : मग आधी त्याला विचारावे.

पूर्वपक्ष : आणि तो नको म्हणाला तर?

उत्तरपक्ष : ताबा ऋणकोचा असल्याने निर्णयही त्याचाच राहतो, मात्र त्या नकारानंतर वाढलेल्या प्रत्येक रुपयाचा भार कोणी उचलावा, हे दोघांनी त्याच बैठकीत ठरवले पाहिजे, कारण धनकोच्या करारात त्याविषयी एक ओळही नसते.