तुलनेची गावं

मी कोल्हापुरात बसून सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात ए-बी टेस्टिंग रोजचं आहे. अर्ध्या लोकांना हिरवं बटण दाखवायचं, अर्ध्यांना निळं, आणि कुठल्यावर जास्त बोटं पडतात ते मोजायचं. आपण कुठल्या गटात आहोत हे वापरणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि बटणाच्या रंगापायी कुणाचं काही अडत नाही. पण हीच पद्धत जिवाशी गाठ असलेल्या गोष्टीला लावली तर?

याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. ३९ गावांतल्या बायका 'आरोग्यदूत' म्हणून तयार झाल्या. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसतील तर त्यांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. तिथे जन्म-मृत्यू नोंदले गेले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला: तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी.

सगळे ३९ गावांबद्दल बोलतात. मी अडतो तो ४७ गावांपाशी.

पहिला बचाव असा की, हा उपाय चालेल हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. हे खरं आहे. जेमतेम शिकलेल्या बाईच्या हातातल्या सुईनं अपायही झाला असता. पण अज्ञान एका रात्रीत संपत नाही, ते महिन्यामहिन्यानं विरळ होत जातं. फरक स्पष्ट दिसला की आम्ही टेस्ट थांबवतो आणि चांगलं बटण सगळ्यांना देतो. इथे 'स्पष्ट' कधी म्हणायचं? उशीर केला तर बाळं जातात, घाई केली तर पुरावा कच्चा राहतो.

दुसरा बचाव परिणामांचा. आकडे नसते तर सरकारनं ऐकलं नसतं. २०११ साली हेच काम आशांमार्फत देशभराचा कार्यक्रम झालं. हा हिशेब मला पटतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. आज थोड्यांनी सोसावं म्हणजे उद्या पुष्कळांचं भलं होईल, हे वाक्य धरणं बांधतानाही ऐकू येतं. सोसणारे बहुतेकदा तेच असतात, ज्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मग संमती घेतली की झालं? माझ्या मते नाही. संमतीचा कागद 'हो की नाही' एवढंच विचारतो. प्रश्न आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींनी १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात स्वतःच्या ताब्यातला दवाखाना काढला, त्यामागची मागणी याहून मोठी होती: आमच्या आरोग्याचं काय करायचं ते आम्ही ठरवू. गडचिरोलीतही याच्या खुणा आहेत. शोधग्रामचा दवाखाना आदिवासींना विचारून झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. दारूचा प्रश्न लोकांनीच लावून धरला. तिथे दारूवर किती पैसा जातो ते मोजलं गेलं, आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. इथे मोजणी लोकांच्या हाती हत्यार झाली. दारूचा हिशेब गावाला हवा होता. तुलनेच्या गावांतली नोंद मात्र आधी संशोधकाला हवी होती.

तो प्रयोग योग्य होता का? माझं उत्तर होकाराकडे झुकतं, पण तो होकार निखळ नाही. सरकारी सेवेखेरीज तिथे दुसरं काही नव्हतं. प्रयोगानं कुणाकडून काही काढून घेतलं नाही. तरी ज्यांचे मृत्यू मोजून आपण शहाणे झालो, त्यांचं देणं आपल्यावर राहतं. प्रयोग यशस्वी झाला म्हणून ते फिटत नाही. उलट यश जेवढं मोठं, तेवढं देणं मोठं.

म्हणून असं कुठलंही संशोधन पाहताना मी एकच गोष्ट शोधतो: निष्कर्ष सगळ्यात आधी कुणाला सांगायचा ठरला होता? लंडनच्या नियतकालिकाला, की ज्या आईच्या बाळाची नोंद तक्त्यात आहे तिला, तिच्या अंगणात बसून, तिच्या भाषेत? आणि सांगून झाल्यावर तिथून उठायचं, की तिच्या गावातल्या एखाद्या बाईला श्वास मोजायला शिकवायचं?