नसलेल्या गोष्टीला कारण म्हणता येतं का?

सेस्ना १७२ हे चार आसनी विमान अमेरिकेतल्या विचिटा शहरात १९५६ पासून बनू लागलं. आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमानं बनली, आणि सुरुवातीच्या वर्षांतली काही अजून उडतात. त्यांच्या मालकांना एक दुखणं चांगलं ठाऊक असतं. धावपट्टीवर उतरून वेग कमी होत असताना पुढचं चाक एकाएकी डावीउजवीकडे थडथडू लागतं आणि सगळं विमान हादरतं. याला शिमी म्हणतात.

ती रोखायला चाकाच्या दांड्यापाशी शिमी डॅम्पर बसवलेला असतो. ते तेलाने भरलेलं लहानसं सिलिंडर. चाक वळायला लागलं की दट्ट्याला तेल बारीक वाटेने ढकलावं लागतं आणि थरथरीचा जोर तिथेच जिरतो. तेल गळून गेलं की मेकॅनिक सांगतो, ‘डॅम्पर गेलाय, म्हणून चाक थरथरतंय.’

वाक्य साधं, पण त्यात अडचण आहे. थरथरीला जोर पुरवतो तो विमानाचा वेग, सुरुवात करून देतो तो असमतोल टायर. तेल नसणं म्हणजे तर काहीच नसणं. जे नाही, ते काही घडवणार कसं?

साधारण हजार वर्षांपूर्वी न्यायदर्शनाचे आचार्य उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’त नेमका हा वाद घेतला. त्या काळी उदाहरण होतं मण्याचं: विशिष्ट मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही, अशी समजूत. मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, म्हणत, अग्नीत अदृश्य दाहशक्ती असते आणि मणी ती मारतो. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, असली शक्ती मानायची गरज वाटली नाही. प्रतिबंधक नसणं हाही कारणसामग्रीतलाच एक घटक, असं त्यांचं म्हणणं. हँगरमध्ये उभं राहून पाहिलं तर नैयायिकांचंच पटतं. तेल संपल्याने चाकात कुठलीही नवी शक्ती शिरलेली नसते. अडवणारं काही उरलेलं नसतं, एवढंच.

पण नवा डॅम्पर बसवूनही थरथर परत येते, तेव्हा काय? नैयायिकांनी याचीही सोय करून ठेवली होती. मणी जागेवर असूनही अग्नी जाळतो, कारण शेजारी ‘उत्तेजक’ आहे: मण्याला निष्प्रभ करणारी दुसरी वस्तू. जुन्या विमानात हा उत्तेजक बहुधा टॉर्क लिंकमध्ये सापडतो. चाकाचा खालचा भाग वरच्या भागाशी सरळ धरणारी ही बिजागरीसारखी जोडणी. तिचे बुश आणि बोल्ट वर्षानुवर्षं झिजत जातात. ही झीज तपासायला शेपटी खाली बांधून नाक उचलायचं, टायर दोन्ही हातांनी धरून पिळायचा आणि डॅम्परच्या दांड्यावर नजर ठेवायची. चाक हललं आणि दांडा हललाच नाही, तर तेवढ्या हालचालीपुरता डॅम्पर असून नसल्यासारखाच. थरथर त्या फटीतच वाढते.

हे निदान चुकलं तर किंमत मोठी असते. १७२ चं पुढचं चाक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, जोडलेलं असतं. सततच्या हादऱ्यांनी तो पत्रा आणि त्याचे रिव्हेट खिळखिळे होऊ शकतात.

अमेरिकी नियमांप्रमाणे लॉगबुकात केलेल्या कामाचं वर्णन, तारीख, सही आणि प्रमाणपत्र क्रमांक लागतो. बिघाडाचं कारण लिहायची सक्ती नाही. निदान जुन्या विमानांपुरती तरी मेकॅनिकने एक ओळ जास्त लिहावी: टॉर्क लिंकमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती सापडला. नाहीतर ‘डॅम्पर बदलला’ एवढंच वाचून पुढचा मेकॅनिक त्या बोल्टकडे वळणारच नाही.