आपणच साक्षी, आपणच न्यायाधीश

अमेरिकेतील नियम मद्यपानानंतर ८ तास उलटल्याखेरीज कोणासही विमान चालवू देत नाही. इंजिनरहित ग्लायडरही यातून सुटत नाही. परंतु ग्लायडर चालविणाऱ्याकडे तेथे वैद्यकीय दाखला मागत नाहीत. आपली प्रकृती उड्डाणास योग्य नाही हे ज्यास ठाऊक आहे त्याने उडू नये, एवढेच बंधन. घड्याळ तास मोजील. अपुरी झोप वा मनाची अस्वस्थता कोण मोजणार? येथे साक्षीदार व न्यायाधीश एकच, आणि मद्य व थकवा प्रथम ग्रासतात ती न्यायबुद्धीच! उतरताना अंदाज चुकल्यास पुन्हा वर चढण्यास ग्लायडरला इंजिन नाही. म्हणून शंका हाच निकाल मानावा, असे आम्हांस वाटते. ‘आज नको’ म्हणणारा भित्रा नव्हे. स्वतःविरुद्ध खरी साक्ष देणारा तो सत्यनिष्ठ होय.