विक्रेत्याचे मौन

जुनी वस्तू विकावी आणि त्या पैशांत भर घालून नवी घ्यावी, हा संसारातला इतका नित्याचा व्यवहार आहे की त्यात नीतीचा काही प्रश्न दडला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शेतकरी उतारवयाला लागलेला बैल बाजारात नेतो, शिंपी जुने शिलाईयंत्र काढून टाकतो, गृहिणी मोडीत भांडी घालून नवे पातेले घेते. घेणाऱ्यास वस्तू हवी असते, देणाऱ्यास पैसा हवा असतो, आणि दोघे राजी असता तिसऱ्याने मध्ये बोलण्याचे कारण उरत नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुतः प्रश्न उद्भवतो तो याच राजीपणात. देणारा जे जाणतो ते घेणारा जाणत नसेल, तर तो राजी झाला आहे असे कोणत्या अर्थाने म्हणावे?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आमचे बालाघाट हे वैनगंगेकाठचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात राहिले. तथापि येथील पुष्कळ मराठी घरांचे सोयरसंबंध गोंदिया, भंडारा, नागपूर इकडेच जुळतात. लग्नसराईत या सर्व टापूत चित्रफिती टिपणाऱ्या तरुणांना श्वास घेण्यास फुरसत नसते. अशांपैकी एकजण आमच्याकडे सल्ला विचारण्यास आला. त्याच्यापाशी २०१६ सालचा एक संगणक होता. त्यावर त्याने आठ-नऊ हंगाम काढले होते. आता कॅमेरे अधिक सूक्ष्म चित्र टिपू लागले, फायली अवाढव्य झाल्या, आणि जुन्या यंत्रास त्यांची जुळणी झेपेना. तेव्हा ते विकून नागपुरास सीताबर्डीवरून नवे, समर्थ यंत्र आणावे असा त्याचा बेत होता. गिऱ्हाईकही मिळाले होते. शेजारच्या खेड्यातील एक शेतकरी आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसाठी अठरा हजारांस ते घेण्यास तयार होता, आणि दुसऱ्या दिवशी विसार द्यावयाचा होता.

यंत्रात दोष होते. हार्ड डिस्कचे काही भाग निकामी होऊ लागले होते. उन्हाळ्यात दीडदोन तास सलग भारी काम पडले की ते तापून आपोआप बंद पडे. शिवाय त्यातील विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला होता, आणि त्या सालच्या बहुतेक यंत्रांप्रमाणे हेही पुढील आवृत्तीस अधिकृतपणे पात्र नव्हते. त्याचा प्रश्न एकच होता : ''वकीलसाहेब, त्यांनी काही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं नाही, तर कायद्यानं काही होतं का?''

प्रश्न कायद्याचा होता, म्हणून प्रथम कायद्याचेच उत्तर पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम कपटाची व्याख्या करते. दोष जाणूनबुजून झाकणे, त्यावर रंग लावणे, हे त्या व्याख्येत स्पष्टपणे येते. परंतु नुसते मौन हे सामान्यतः कपट नव्हे, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. त्याखालील उदाहरणे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात. एकजण लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्यास ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. हे कपट नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे नात्यामुळेच बोलणे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन.' विक्रेता गप्प राहतो. येथे मौन हेच भाषण ठरते.

१९३० च्या माल विक्री कायद्याची वृत्तीही अशीच आहे. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हा त्यातील मूळ नियम. घेणाऱ्याने आपला हेतू सांगितला, विक्रेत्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली, आणि तसा माल पुरविणे हाच विक्रेत्याचा धंदा असला, तर मात्र माल त्या हेतूस योग्य असल्याची अट गृहीत धरली जाते. आमचा तरुण काही संगणकाचा व्यापारी नव्हे. आयुष्यात एकदा स्वतःचे यंत्र विकणारा तो एक कारागीर. तेव्हा या कायद्याचा हात त्याच्यापर्यंत सहजासहजी पोचत नाही.

आम्ही त्यास विचारले, ''त्यांनी खरोखरच काही विचारले नाही?'' तो जरा थांबून म्हणाला, ''विचारलं नाही. एवढंच म्हणाले, तुम्ही रोज यावरच काम करता, म्हणजे चांगलंच असणार.''

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की हे वाक्य तिसऱ्या उदाहरणाच्या अगदी उंबरठ्याशी येते. ते उंबरठा ओलांडते की नाही, यावर दोन वकील दिवसभर वाद घालू शकतील. पण ज्या माणसाने असे वाक्य उच्चारले, त्याने आपल्या पुढ्यात काय ठेवले? त्याने विश्वास ठेवला. न्यायालयात त्याचे मोल काय ठरेल हा प्रश्न निराळा. ऐकणाऱ्यास मात्र ते त्याच क्षणी कळले होते. न कळते, तर तो आमच्याकडे आलाच नसता.

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन वकील व तत्त्वचिंतक सिसेरो याने कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एका धान्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट येते. ऱ्होड्झ बेटावर दुष्काळ पडलेला आहे. अलेक्झांड्रियाहून आलेल्या व्यापाऱ्यास ठाऊक आहे की मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत. ते त्याने सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? दुसरा दाखला घराचा. घर रोगट आहे, लाकूड किडलेले आहे, पण ते धन्यावाचून कोणास ठाऊक नाही. यावर डायोजिनिस आणि अँटिपेटर या दोन स्टोइक आचार्यांचे मतभेद सिसेरो मांडतो. पहिल्याचे म्हणणे असे की कायदा सांगतो तेवढे दोष सांगावेत. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे, आणि जे जे ऐकणाऱ्यास उपयोगी ते ते सांगणे भागच असेल, तर विक्री कशाला, दानच का करू नये? दुसऱ्याचे म्हणणे असे की माणसे एका समाजाने बांधली गेली आहेत, आणि दुसऱ्याचे अज्ञान हे आपले भांडवल होऊ शकत नाही. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूस पडतो.

डायोजिनिसच्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. विक्रेता हा गिऱ्हाइकाचा पालक नव्हे. तेच यंत्र पलीकडच्या दुकानात हजाराने स्वस्त मिळते, हे त्याने सांगितलेच पाहिजे असा आग्रह धरला तर बाजार चालणार नाही. बाजारभाव घेणाऱ्यालाही चौकशी करून कळतो. खोक्यावरचा पोचा त्यालाही दिसतो. यंत्राचे वय विचारता येते. परंतु हार्ड डिस्कच्या आत काय झिजत आहे, वैशाखातल्या दुपारी यंत्र किती वेळ तग धरते, हे आठ-नऊ वर्षे त्याच्यासमोर बसलेल्यासच ठाऊक असते. म्हणून आम्हांस सीमारेषा येथे दिसते : जे पाहून वा विचारून घेणाऱ्यास कळण्याजोगे आहे, त्याबाबत मौन क्षम्य, जे केवळ आपल्या सहवासामुळेच आपल्याला कळले आहे आणि ज्याने त्याचा विचार बदलेल, त्याबाबत मौन म्हणजे फसवणूकच. ज्याच्या घरात संगणक प्रथमच येतो आहे, त्यास प्रणालीचा आधार संपला म्हणजे काय हे विचारण्याचेही ज्ञान नसते. सामान्य दक्षतेची अपेक्षा त्याच्याकडून करणे ही थट्टा होय.

याहून खोल असा एक मुद्दा आहे, आणि तो प्रस्तुत प्रकारच्या विक्रीतच विशेषेकरून उद्भवतो. येथे विकणारा विकून मोकळा होत नाही. त्या पैशावर तो आपली पुढची पायरी बांधतो. यंत्राचे खरे मोल बारा हजार असता मौनाच्या बळावर अठरा घेतले, तर वरचे सहा हजार कोणाचे? ते त्या शेतकऱ्याचे. त्याच्या नकळत आपण त्यास आपल्या धंद्यातील भागीदार केले. फरक इतकाच की तोट्यात त्याचा वाटा आहे आणि नफ्यात नाही. शिवाय वापरलेली वस्तू बहुधा आपल्याहून कमी ऐपतीच्या हातात जाते. म्हणजे वर चढणाऱ्याची शिडी खाली उभ्या असलेल्याच्या खांद्यावर टेकलेली असते, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

नव्या साधनासाठी असलेले मोडण्याची कथा निघाली की मराठी माणसास दादासाहेब फाळके आठवल्यावाचून राहत नाहीत. १९१२ साली त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही त्याच कामी आले, आणि कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे कामही त्या माउलीने केले. भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी प्रथम रोपाच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट तयार केला व तो निवडक लोकांस दाखविला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. या कथेतील धाडसाचे गोडवे आपण गातो. त्यातील व्यवहाराची स्वच्छता मात्र नजरेआड होते. गहाण टाकलेल्या पॉलिसीत काय आहे हे तिच्या कागदावरच लिहिलेले असते. सावकारापासून लपविण्याजोगे त्यात काही नसते. पैसा मागण्यापूर्वी फाळक्यांनी जे होते ते दाखविले. जोखीम पत्करली ती त्यांनी आणि त्यांच्या घरच्या माणसांनी, उघड्या डोळ्यांनी.

आणि चित्रपट कोणाचा? ज्या राजाने दिलेल्या शब्दासाठी स्वतःला विकले, त्याचा. त्या कथेत आम्हांस नेहमी एक गोष्ट लक्षणीय वाटत आली आहे. हरिश्चंद्राचे सत्त्व विक्रीबरोबर संपत नाही. विकला गेल्यावरही तो स्मशानात आपल्या धन्याचा कर मागतो, तोही स्वतःच्या पत्नीकडून. विक्रीने संबंध तुटतो असे आपण मानतो. त्या कथेच्या मते तेथून एक नवा संबंध सुरू होतो.

हार्ड डिस्कबाबत आणखी एक गोष्ट त्या तरुणाच्या ध्यानात नव्हती. त्या तबकडीवर शेकडो घरांच्या लग्नांची चित्रे होती : हळदीला बसलेल्या मुली, निरोपाच्या वेळी रडणारे बाप. त्याने ती पुसली होती. परंतु अशा तबकडीवरील फाईल पुसली की बहुधा तिची केवळ नोंद जाते, आणि त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर परत काढता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण त्यासाठी निकाल वाचण्याची गरज नाही. ज्यांनी त्यास आपल्या माजघरात कॅमेरा घेऊन येऊ दिले, त्यांनी ती चित्रे संगणकाबरोबर विकण्याचा अधिकार त्यास दिला नव्हता. यंत्र त्याचे होते; त्यातील सर्वच काही त्याचे नव्हते.

आम्ही त्यास सांगितले ते इतकेच : खटला कदाचित तू जिंकशील, पण तो शेतकरी खटला करणारच नाही, आणि तुझे मौन त्याच्या याच असहायतेवर उभे आहे. त्याने दुसऱ्या दिवशी सर्व सांगितले. जुनी तबकडी काढून घेऊन नवी बसविली आणि सौदा बारा हजारांस ठरला. मुलीला हिशेबाचे व लेखनाचे काम करावयाचे होते; त्यास यंत्र पुरेसे होते. परंतु याचे फळ त्यास लगेच गोड मिळाले असे आम्ही लिहिणार नाही. सहा हजार कमी पडले, नवे यंत्र लांबले, आणि ऐन वैशाखात गोंदियाला मित्राच्या संगणकावर भाड्याने रात्री काढाव्या लागल्या. हा तोटा खरा आहे. सचोटीने नेहमी फायदाच होतो असे सांगणारे सचोटीची जाहिरात करतात; तिची किंमत सांगत नाहीत.

खंडेनवमीला आपण हत्यारांना गंधफूल वाहतो. अलीकडे संगणकासही वाहू लागलो आहोत. ज्याने पोट भरले त्या साधनाविषयीची ही कृतज्ञता योग्यच होय. पण यंत्रास फुलाचे काय होय? त्याच्याविषयी आपल्याला जे जे ठाऊक आहे ते पुढच्या धन्याच्या स्वाधीन करून ते द्यावे, यातच ती कृतज्ञता पुरी होते. वस्तू आणि तिच्याविषयीचे सत्य ही दोन्ही मिळून एक माल होतो. एक देऊन दुसरे मागे ठेवणाऱ्याने पूर्ण किंमत घेऊन अर्धाच माल दिला, असे म्हणणे प्राप्त आहे.