नदीचं मूळ आणि मेलेला वैमानिक

1979 साली रिडली स्कॉटचा 'एलियन' आला. त्यात एका ओसाड ग्रहावर उतरलेल्या माणसांना एक परकं यान सापडतं. आत अवाढव्य आसनावर कुणी एक महाकाय वैमानिक मरून पडलेला असतो, इतक्या जुन्या काळी की देह आणि आसन एकजीव झालेले दिसतात. त्याच्या बरगड्या आतून बाहेर फुटलेल्या असतात. माणसं घटकाभर थबकतात आणि पुढे जातात. तो कोण, कुठून आला, कशाला निघाला होता, याबद्दल चित्रपट अवाक्षर काढत नाही. चाहत्यांनी मात्र त्या प्रेताला सोडलं नाही. 33 वर्षं ते त्याच्याभोवती तर्क बांधत राहिले. 2012 साली स्कॉट याच विश्वातली पूर्वकथा घेऊन येणार म्हटल्यावर या तर्कांना उधाण आलं. झलकीतली चौकट न् चौकट थांबवून पाहिली गेली. ही थेट पूर्वकथा आहे की नुसती नात्यातली कथा, हे खुद्द करणाऱ्यांनी धूसर ठेवलं होतं, त्यामुळे वादाला आणखी जागा मिळाली. त्या चित्रपटाचं नाव 'प्रोमिथियस'. माणसाला घडवणाऱ्यांना गाठायला निघालेल्या माणसांची ती गोष्ट आहे. वरवर करमणुकीचं वाटणारं हे वाट पाहणं मला धर्मविचाराच्या अगदी जवळचं वाटतं. चाहते विचारत होते तोच प्रश्न माणसाने प्रत्येक देवळात आणि प्रत्येक दर्शनात विचारला आहे: याच्या आधी काय होतं?

मराठीत या प्रश्नावर एक म्हण आहे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. बहुतेक लोक ती दटावणीसारखी वापरतात: उगाच खोलात जाऊ नका, पदरी निराशा येईल. माझ्या मते म्हणीत याहून मोलाचं काहीतरी आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते. तो उगम पाहायला अवश्य जावं. पण पूस आणि अरुणावती तिला मिळाल्या नसत्या तर ती कोण असती, उन्हाळ्यात तिचं पात्र का आटतं, पावसाळ्यात काठची शेतं का खरडून नेते, यांतलं काहीही त्या उगमावर उभं राहून कळत नाही. उगम खरा असतो, तरी नदी तिथे नसते. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याचंही तेच. नावात लोहार ऐकू येतो, आणि कधीकाळी इथे भाते चालत असतील असा तर्क कुणीही करील. तो खरा निघाला तरी आज औद्योगिक वसाहतीच्या शेजारी जगणाऱ्या गावाचं मर्म त्यातून हाती लागणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मूळ जरूर शोधावं, पण अर्थ सांगण्याचं काम मुळावर टाकू नये. 'प्रोमिथियस'ची वाट पाहणाऱ्यांनी ते काम मुळावर टाकलं होतं, म्हणून त्यांतल्या पुष्कळांची निराशा झाली.

चित्रपटात काय निघालं ते पाहू. ज्यांनी माणसाला घडवलं ते 'इंजिनीअर' आपल्यासारखेच देहधारी आहेत, फक्त उंच आणि पांढरेफटक. 1979 सालच्या वैमानिकाचं ते हत्तीसारखं भासणारं डोकं म्हणजे नुसतं शिरस्त्राण होतं. नायिका एलिझाबेथ शॉ गळ्यात क्रूस घालते. तिचा जोडीदार तिला सुचवतो, की आपले निर्माते सापडले, आता हा क्रूस उतरवायला हरकत नाही. त्यावर ती उलट विचारते, मग त्यांना कुणी घडवलं? आपल्याकडच्या तार्किकांनी या अडचणीला फार पूर्वी नाव दिलं आहे, अनवस्था. कारणाचं कारण, त्याचं कारण, असं मागे मागे जात राहायचं आणि कुठेच टेकायचं नाही. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर सिद्ध करताना मांडलेला एक युक्तिवाद असा, की जे जे कार्य त्याला कर्ता हवा; घडा आहे तर कुंभार आहे. पण उदयनाचार्यांचा ईश्वर स्वतः कार्य नाही, तो नित्य आहे, म्हणून त्यांची साखळी तिथे थांबू शकते. ती थांबते की नाही यावर मीमांसक, बौद्ध आणि जैन त्यांच्याशी झगडले. तो झगडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दिसते: आकाशातून आलेला मर्त्य निर्माता ही साखळी मुळीच थांबवत नाही, तिच्यात एक कडी वाढवतो. डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णींच्या 'पृथ्वीवर माणूस उपराच' या पुस्तकाने मराठी वाचकाला एके काळी असंच झपाटलं होतं. त्या झपाटण्यामागची भूक खरी होती. पण माणूस दुसऱ्या ग्रहावरून आला हे उद्या सिद्ध झालं, तरी तो तिथे कुठून आला, हा प्रश्न जिथल्या तिथे उभा राहील. आणि आज शेजाऱ्याशी कसं वागावं, हे त्यातून कळणार नाही ते नाहीच.

यावर जाणकार वाचक म्हणेल, की आपली परंपराच पूर्वकथांनी ओसंडून वाहते. रामायणाचं बालकांड नंतर जोडलं गेलं असं अनेक अभ्यासक मानतात. महाभारताच्या आदिपर्वात तर जन्मकथांचं रान माजलं आहे. भीष्म असा का, याच्या मागे वसूंना मिळालेला शाप. प्रत्येक दुःखामागे एक शाप आणि प्रत्येक पराक्रमामागे एक वर. मग परक्या चित्रपटाच्या चाहत्यांनाच दोष का द्यायचा? आक्षेप रास्त आहे. पण पुराणांतल्या पूर्वकथा एकट्या नसतात. एकाच देवाच्या जन्माच्या चार कथा चार पुराणांत सापडतात, गावोगावची माहात्म्यं पाचवी आणि सहावी सांगतात, आणि ऐकणारा त्यांतली कुठलीही शेवटची मानत नाही. सृष्टीच्या आरंभाविषयी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर याच्याही पुढे जातं. सगळ्याच्या वर बसून जो पाहतो, त्याला तरी हे ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेऊनच ते थांबतं. आधीचं सगळं सांगून टाकण्याची संधी हातात असताना ऋषीने ती सोडली, यासारखं धाडस मला क्वचितच कुठे दिसतं. चित्रपटाच्या विश्वाला मालक असतो. तिथे अधिकृत मूळ एकच. 2012च्या आधी त्या वैमानिकाच्या शेकडो जन्मकथा नांदत होत्या. चित्रपट लागला त्या दिवशी एक खरी ठरली आणि बाकीच्या खोट्या पडल्या. पुराणं ऐकणाऱ्याच्या वाट्याला हे दारिद्र्य येत नाही.

चित्रपटाच्या नावाचंही असंच आहे. ग्रीकांच्या कथेत प्रोमिथियस देवांकडून अग्नी चोरून माणसाला देतो, म्हणून त्याला खडकाला जखडतात आणि गरुड त्याचं यकृत टोचून खातो. ऋग्वेदात मातरिश्वा दुरून अग्नी आणतो आणि भृगूंना देतो. त्याला कसली शिक्षा नाही. एका मुळात चोरी आहे, दुसऱ्यात देणगी. दोन्ही समाजांनी पुढे त्याच आगीवर अन्न शिजवलं, लोखंड वळवलं आणि एकमेकांची घरंही जाळली. आगीचं काय करायचं, हे तिच्या जन्मकथेने कुणालाच शिकवलेलं नाही.

मात्र इथवर बोलून थांबलं तर हा निव्वळ बौद्धिक खेळ राहील. आपल्याकडे एक पूर्वकथा अशी आहे, की ती माणसांच्या जिवावर उठली. मागच्या जन्मीचं पाप. कुणी अस्पृश्य का, कुणी दरिद्री का, कुणाची कूस उजवली का नाही, या सगळ्यांना न दिसणाऱ्या पहिल्या भागाचं उत्तर दिलं गेलं. तो भाग कुणी पाहिलेला नव्हता, कुणी तपासू शकत नव्हतं, तरी त्यातला निकाल या जन्मी भोगायचा होता. कर्मसिद्धान्ताचे अभ्यासक सांगतील, की हा सिद्धान्त मुळात माणसाला आपल्या कृतीची जबाबदारी शिकवणारा आहे. तसा तो आहेच. पण समाजात तो बहुतेक वेळा उलट दिशेने वापरला गेला, पुढे काय करायचं ते सांगण्याऐवजी मागे काय झालं असेल ते सांगण्यासाठी. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. इथल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशभर चर्चिल्या गेल्या. ज्या घरात असं मरण झालं तिथे 'हे का झालं' हा प्रश्न रोज उठत असणार, आणि त्याची शोधता येण्याजोगी उत्तरं आहेत: कर्ज, भाव, पावसाचा लहरीपणा, सिंचनाचा अभाव. तिथे जाऊन कुणी 'नशिबाचे भोग' म्हणतो, तेव्हा तो सांत्वन करत असतो असं मला वाटत नाही. तो तपास बंद करत असतो.

हे विदर्भाच्या मातीत सर्वांत स्पष्ट सांगितलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर, 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते धर्म आणि धम्म यांतला फरक असा करतात, की जगाचा आरंभ समजावून सांगणं हे धर्माचं प्रयोजन, तर जगाची पुनर्रचना करणं हे धम्माचं. यामागे बुद्धांचा चूळमालुंक्यसुत्तातला दृष्टान्त उभा आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, उंच की ठेंगणा, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय मी बाण उपसू देणार नाही. तो हे जाणून घेण्याआधीच मरेल. मारणाऱ्याच्या वर्णाची ही चौकशी वाचली की आपल्या म्हणीतलं ऋषीचं कूळ वेगळ्याच उजेडात दिसू लागतं. कूळ विचारू नये, कारण उत्तराचा उपयोग माणसाला त्याच्या पायरीवर उभं करण्यासाठीच होतो. या अर्थाने ती म्हण मला शहाणी वाटते.

पण मग विज्ञानाने मूळ शोधू नये का? बुद्धांचा आधार घेऊन कुणी असं म्हणू लागला तर तो बुद्धांवर अन्याय होईल, कारण दुःखाचं कारण शोधण्यावरच त्यांच्या विचाराचा पाया आहे. बुलढाण्यातलं लोणार पाहा. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या विवराची कथा लोक लोणासुराशी जोडतात. विष्णूने त्याचा वध केला, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. नंतरचे अभ्यासक म्हणाले, हा ज्वालामुखीचा खळगा. 1970च्या दशकात तिथल्या दगडांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या आणि आकाशातून आलेल्या अशनीने बेसाल्टच्या खडकात हे विवर पाडलं हे पक्कं झालं. वयही आधी 50 हजार वर्षांच्या आसपास मानलं जाई. आर्गॉन कालमापनाने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेलं. उद्या ते पुन्हा बदलू शकतं. इथे मूळ शोधण्यात कमीपणा नाही, कारण उत्तर पुन्हा तपासता येतं आणि ते कुणाच्या डोक्यावर पायरी ठेवत नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या 1984च्या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात दाखवलं, तेव्हा काहींना वाटलं असेल की आता भक्तीला तडा जाईल. वारी चालूच आहे. ढेऱ्यांनी विठ्ठलाला लहान केलं नाही. किती माणसांनी मिळून तो घडवला, ते दाखवलं. 

राहिला तो सर्वांत अवघड आक्षेप. मला कुणी घडवलं, असं विचारणारा माणूस खरं तर 'मी कुणाला हवा होतो का' असं विचारत असतो. त्याला अनवस्थेचा दोष दाखवून काय उपयोग? शॉच्या डोळ्यांत हीच आर्तता आहे. आयुष्य संपत आलेला धनाढ्य वेलँड निर्मात्याकडे आणखी वर्षं मागायला जातो आणि त्याच निर्मात्याच्या हातून मरतो. शॉ जगते आणि विचारायला पुढे निघते, घडवलंत तर मग मारायला का निघालात? या आर्ततेची मला कदर आहे. पण जन्म देणाऱ्याने हवं म्हणून जन्म दिला की चुकून, यावर माणसाचं मोल ठरत असेल, तर नकोशी म्हणून जन्मलेल्या प्रत्येक मुलीला आपण काय सांगणार आहोत? तिचं मोल तिच्या जन्मकथेत शोधायला पाठवणं क्रूरपणाचं होईल. ते आज तिला ताटात काय वाढलं जातं आणि शाळेत पाठवलं जातं की नाही, यावरून कळतं. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' मला म्हणूनच फार समंजस वाटतो. कोकणातल्या वाड्याच्या या भयकथेत हस्तर या शापित देवाचं मूळ सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे, बाप मुलाला गोष्ट सांगतो तसं. पुढची सगळी भीती हस्तर कुठून आला यातून येत नाही. ती येते त्या बापाच्या हावेतून, आणि मुलगा ती किती लवकर शिकतो यातून. 2024च्या सप्टेंबरात हा चित्रपट पुन्हा लागला तेव्हा 2018च्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त गर्दी झाली. गोष्ट सगळ्यांना आधीच ठाऊक होती.

'एलियन'चे चाहते आजही थांबलेले नाहीत. 2017 साली आणखी एक पूर्वकथा आली, 2025 साली पहिल्या चित्रपटाच्या दोन वर्षं आधीच्या काळातली मालिका आली. आणि एक बारकावा त्यांच्यातल्या जाणत्यांना केव्हाच कळलेला आहे. 'प्रोमिथियस' घडतो तो ग्रह वेगळा. 1979 साली ज्या यानात माणसं शिरली होती ते यान दुसरीकडे आहे, आणि त्यातला वैमानिक अजून त्याच आसनावर बसलेला आहे.